बाप असेपर्यंतचा दोरा

आमच्या गावात मुलाच्या कमरेला काळा करदोटा बांधतात, तो बाप असेपर्यंतचा असतो. बाप गेला की तोडतात आणि पुन्हा बांधत नाहीत. आजोबा गेले तेव्हा नदीवर बाबांचा करदोटा तोडताना मी पाहिला होता. तोवर बाबा लाकडं उतरवून घेत होते, लोकांना वाट दाखवत होते. रडले ते त्या क्षणी. दोरा झिजला तर आधी नवा बांधायचा, मग जुना सोडायचा. मधे कंबर मोकळी राहता कामा नये. हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं.

मानसशास्त्रात एम.ए. करायला मी पुण्यात आलो. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नारायण पेठेत तिघांच्या खोलीत राहत होतो. दुसऱ्या वर्षी सेमिनारला मला विषय मिळाला ‘फेटिशिझम’. खोलीतल्या दोघांना ते कळल्यावर त्यांनी आठवडाभर माझ्यापासून स्वतःच्या चपला लपवून ठेवायचं सोंग केलं.

मी मात्र मनापासून तयारी केली. शब्दाचं मूळ पोर्तुगीज, अर्थ साधारण ‘घडवलेली वस्तू’, आणि त्यावरून जादूटोण्याची वस्तू. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापाराला गेलेल्या खलाशांनी तिथल्या लोकांच्या गळ्यातल्या, दंडातल्या, पूजेतल्या वस्तूंना हे नाव दिलं. स्वतःच्या गळ्यातल्या क्रुसाला दिलं नाही. पुढे युरोपातल्या विद्वानांनी ही धर्माची सर्वांत खालची पायरी ठरवली. मग मानसशास्त्राने शब्द उचलला आणि ज्याची वासना माणसाऐवजी एखाद्या बुटावर, कापडाच्या तुकड्यावर खिळते त्याला लावला. त्याचं एक स्पष्टीकरण मला फार पटलं होतं. माणसाला एखादी उणीव दिसलेली असते, पण सोसवत नाही. मग तिच्या आड तो एक वस्तू उभी करतो. खरं काय ते त्याला ठाऊक असतं, आणि तरीही तो ते मानत नाही. दोन्ही एकाच वेळी.

मी वाचत गेलो तशी मागच्या बाकांवरची खुसखुस थांबली. मॅडम खूश दिसल्या. म्हणाल्या, “छान. आता आपल्याकडचं एखादं उदाहरण द्या बघू. पुस्तकातलं नको.”

पहिल्यांदा जे सुचलं ते बोलून गेलो. “ग्रामीण भागात काही लोक कमरेला करदोटा बांधतात. तो काढला तर वडिलांच्या जिवाला धोका होतो, असा त्यांचा समज असतो.”

“अच्छा,” सदाशिव पेठेतला एक वर्गमित्र शांतपणे म्हणाला, “म्हणजे बेल्टचा शोध लागायच्या आधीची गोष्ट ना ही?”

वर्ग हसला. मीही हसलो. ‘काही लोक’ म्हणताना माझा करदोटा माझ्या शर्टाखाली होता आणि घामाने कातडीला चिकटला होता. त्याच दुपारी खोलीवर कुणी नसताना मी तो कात्रीने कापला. कचऱ्याच्या डब्यात टाकवेना, म्हणून दाढीच्या सामानात ठेवून दिला. सेमिनारमध्ये मी जे समजावलं होतं, त्याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला सापडलं नसतं. पण तो विचार तेव्हा मी मनात येऊ दिला नाही.

त्यानंतर गावी गेलो की मी अंगणातल्या नळावर अंघोळ करायचो नाही. मोरीचं दार लावून घ्यायचो. आई शेजारणीला सांगायची, पुण्यात जाऊन पोरगं लाजाळू झालं.

मग हडपसरच्या एका कंपनीत ट्रेनिंगच्या विभागात नोकरी लागली. काचेची इमारत, गळ्यात कार्ड. इंजिनिअर लोकांना मी ‘तणाव आणि वेळेचं नियोजन’ शिकवत असे. खंडेनवमीला तिथे सर्व्हरला हार घालायचे, मॉनिटरवर कुंकवाची बोटं ओढायचे, आणि अमेरिकेत शिकून आलेले साहेबही हात जोडायचे. मीही जोडायचो. तिथे कुणी हसत नव्हतं, त्यामुळे मला लाज वाटत नव्हती.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. मी विश्रांतवाडीत एका खोलीत राहत होतो. त्या खोलीत काही लपणार नव्हतं. ते येण्याच्या आदल्या दिवशी मी बाजारातून नवा करदोटा आणून बांधला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी शर्ट बदलत होतो तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

“नवा घेतला काय रे?”

“हो. जुना झिजला होता.”

त्यांनी दोऱ्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, “पहिले नवा बांधला ना? मंग जुना सोडला?”

“हो.”

“म्हंजे मधात मोकळा नव्हता.”

“नाही बाबा.”

“बरं झालं. उद्या डोळ्याले सुरी लावतीन.” आणि ते कुशीवर वळून झोपले. गाडीतून उतरल्यापासून ते घाबरलेले होते, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं. मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो. हे छोटं ऑपरेशन आहे, डॉक्टर रोज अशी कितीतरी करतात, सगळं मला ठाऊक होतं. तरी सगळा वेळ माझा हात शर्टाखाली होता, दोरा मुठीत धरून.

ऑपरेशन चांगलं झालं. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर बाबा खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवरचे कपडे पाहत होते, कुठला कसल्या रंगाचा ते सांगत होते. मला ते सहन होईना. चहा देताना मी सगळं सांगून टाकलं. सेमिनार, वर्गाचं हसणं, कात्री, आणि ते येण्याच्या आदल्या दिवशीची खरेदी.

ते चहा पीत राहिले. मग म्हणाले, “इतकी वर्सं मोकळा होता तू.”

“बाबा, तो नुसता—”

“दोरा आहे. मले मालूम नाई काय? तुह्या लहानपनी मीच आनत होतो बाजारातून.”

“मग?”

“मंग काई नाई.” त्यांनी कप खाली ठेवला. “परवा इचारलं तवा तू हो म्हनला. मी निवांत जाऊन टेबलावर झोपलो. आता काहून सांगतलं?”

“मनात टोचत होतं.”

“तुह्या मनातलं गेलं. माह्या मनात आलं ना आता.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण कशाची मागायची ते सुचेना. दोरा कापल्याची, खोटं बोलल्याची, की आता खरं बोलल्याची? मला वाटलं होतं की ते रागावतील किंवा हसून सोडून देतील. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी मी सुटलो असतो. ते पुन्हा खिडकीकडे वळले, पण कपड्यांचे रंग सांगेनात.

बऱ्याच वेळाने म्हणाले, “औषधाची वेळ झाली. थेंब टाक.”

त्यांनी मान मागे टाकली. बोटाने पापणी ओढून मी बाटली धरली. पहिला थेंब गालावर पडला. त्यांनी तो पुसला नाही, डोळा उघडाच ठेवला.