ऐकायचं काम

पुस्तकं बांधायच्या कारखान्यात ती नवी लागली, तेव्हा पहिला आठवडा तिला कुठलंच काम धड मिळालं नाही. एक दिवस कागदांना घड्या घालायच्या, एक दिवस सुईदोऱ्याने शिवायचं, एक दिवस पुठ्ठ्यांना खळ लावायची. शनिवारी मुकादमबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुझा हात खळीचा आहे. थेंब इकडचा तिकडे होत नाही. सोमवारपासून पुठ्ठ्यांवर बस."

त्याला अकरा वर्षं झाली. मुकादमबाईंची ही रीत तिला इतकी पटली, की तिने ती घरी आणली. आधी हात बघायचा, मग काम द्यायचं.

घरात माणसं चार. ती, ट्रकवर असलेला आणि आठवड्यातून दोन दिवस दिसणारा नवरा, नवऱ्याची थोरली बहीण आणि दहा वर्षांची लेक. लेकीला सगळे टिटवी म्हणत, कारण पाळण्यात असल्यापासून ती गप्प म्हणून नव्हती. टिटवीच्या हाती केरसुणी दिली की अर्धी खोली झाडून ती तिथेच बसकण मारायची आणि केरसुणी फरशीवर एकदा आडवी, एकदा उभी घासून बघायची. "आत्या, बघ ना, उभी घासली की वेगळाच आवाज येतो!"

"आवाज येतो, पण केर जात नाही," आत्या म्हणायची. "वहिनी, तुमच्या लेकीला सासरी बाजा वाजवायला पाठवा."

आईने मात्र हात बघितला. जिन्यातल्या पावलांवरून कोण आलं ते पोरगी दार उघडण्याआधी सांगायची. गच्चीवरची टाकी भरत आली की पंपाचा सूर बदलतो, हेही तिनेच घरातल्या मोठ्यांना शिकवलं. मग आईने तिला ऐकायची कामं दिली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. टाकी ओसंडायच्या आत पंप बंद करायचा. दारावर कोण आलं ते बघायचं. टिटवी दाराच्या उंबऱ्यात वही घेऊन बसायची, अभ्यास करायची आणि मध्येच ओरडायची, "तीन झाल्या! गॅस बंद कर!" दोन वर्षांत एकदा म्हणून चूक नाही. आई कारखान्यात सांगायची आणि बायका घरी जाऊन आपापल्या पोरांचे हात बघायच्या. देवाने प्रत्येकाला काहीतरी दिलेलं असतं, आपण ते ओळखायचं, एवढंच तिचं म्हणणं.

यंदा मात्र काहीतरी बिघडलं. एके दिवशी बटाट्यांचा पार लगदा झाला. दुसऱ्या आठवड्यात टाकी ओसंडली आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरांचे वाळत घातलेले कपडे भिजले. मास्तर ओला सदरा हातात घेऊनच वर आले. "बाई, पंपावर माणूस ठेवलंय की नाही?"

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाडावलीय," आत्या म्हणाली. "हाक मारली तर ढिम्म हलत नाही. आणि बोलते कशी, तर किंचाळून. हे शिंगं फुटल्याचं लक्षण."

आईलाही वाटलं, पोरीचं मन उडालं असेल. वयच तसं. तिने टिटवीला समोर बसवलं आणि म्हणाली, "तुला कंटाळा आला असेल तर सांग. उद्यापासून कपड्यांच्या घड्या घाल. पंप आत्या बघेल."

टिटवीने आधी आईच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि मग एकदम रडायलाच लागली. "माझं काम काढून घेऊ नकोस. परत नाही चुकणार."

आणि खरंच चुकली नाही. महिनाभर बटाटे शिजले तसे शिजले, टाकी भरली तशी भरली. आई निवांत झाली. पोरगी उंबऱ्यात बसायची सोडून आता गॅसपाशी उभी राहते, हे तिला दिसलं होतं. पण तिला वाटलं, चला, अंगात जबाबदारी आली.

एका बुधवारी कारखान्यातल्या कापायच्या यंत्राचं पातं धारेला गेलं आणि दुपारीच सुट्टी झाली. आई घरी आली तर पंप चालू होता. मागच्या गॅलरीत टिटवी पाठमोरी उभी, दोन्ही तळवे पाण्याच्या पाइपला लावलेले.

"टिटवे, आले गं."

हालचाल नाही.

"टिटवे!"

आईच्या हातातल्या किल्ल्या निसटून फरशीवर खणकन पडल्या. आतून आत्या ओरडली, "काय पडलं?" दोन पावलांवरच्या टिटवीची मान वळली नाही. ती तशीच उभी राहिली, मग हात काढून तिने पंपाचं बटण बंद केलं आणि वळली. आईला बघून ती दचकली.

"कधी आलीस?"

आई खाली बसली, पोरीचं तोंड आपल्याकडे केलं आणि हळूहळू विचारलं, "तुला ऐकू येत नाही का गं?"

टिटवीने पंपाच्या बटणाकडे बघितलं. मग म्हणाली, "येतं थोडं. उजव्या बाजूने. सुट्टीत कान फुटला होता ना, तेव्हापासून."

"मग पंप कसा कळतो?"

"हाताला कळतं. पाणी वर पडत असतं तेव्हा पाइप थरथरतो. पाइपचं टोक बुडालं की जड होतो."

"आणि शिट्टी?"

"वाफ दिसते."

"आणि दारावर कोणी आलं तर?"

"आत्या मान वर करते."

"अगं, मग सांगितलं का नाहीस? आई आहे ना मी तुझी?"

टिटवीने फ्रॉकचं टोक पिळलं. "तूच सांगितलं होतंस. शिलाईवरच्या मावशींची नजर गेली, मग मुकादमबाईंनी त्यांना दुसरं काम दिलंच नाही. घरी पाठवलं."

हे तिनेच सांगितलं होतं. जेवताना, सहज, चुकचुकत सांगितलं होतं आणि नंतर ताट उचलून विसरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी खाडा करून ती लेकीला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दोन्ही कान बघितले, काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि कागदावर रेघा काढल्या. डाव्या कानाची रेघ पार तळाला गेलेली. "उजव्याचं आत्ताच सांगता येत नाही. औषध देतो. महिन्याने परत तपासू. तुम्ही सहा महिने आधी यायला हवं होतं, बाई." सहा महिने ती लेकीचं काम बघत होती.

त्या संध्याकाळी तिने देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय ते तिला सुचेना. कान मागायचा, की क्षमा? शेवटी नुसतीच उभी राहिली.

"वहिनी, आता तरी त्या पंपातून पोरीला सोडवा," मागून आत्या म्हणाली. आज आवाजाला धार नव्हती. "मी बघेन. बोलले मी तिला नाही नाही ते."

पंपाची वेळ झाली होती. टिटवी गॅलरीच्या दाराशी येऊन थांबली होती. बाहेर जात नव्हती. दोघींच्या ओठांकडे बघत होती.

"नाही, वन्सं," आई म्हणाली. मग टिटवीकडे तोंड करून म्हणाली, "पाणी चढवायचंय. जा, तुझं काम आहे."

टिटवी धावली, पंप चालू करून तिने दोन्ही तळवे पाइपला लावले. आईही मागोमाग गेली आणि तिच्या तळव्यांशेजारी तिने आपला तळवा ठेवला. पाइप गार लागला, बस.

"कळलं?" टिटवीने विचारलं, मोठ्याने, खालच्या मास्तरांनाही ऐकू जाईल असं.

आईने मान हलवली. नाही.

"खळीने तुझा हात जाड झालाय. इथे नाही, इथे धर." टिटवीने तिचं मनगट पकडून हात खाली, कोपऱ्यावरच्या वळणाशी नेला. "थांब. अजून नाही. अजून नाही…"

आई डोळे मिटून उभी राहिली. तिला अजून काहीच कळत नव्हतं. टिटवीने पुढे होऊन बटण बंद केलं, तेव्हाही तिचा हात पाइपवरच होता.