टर्नटेबल जोडायला आलेले अण्णा

“स्वल्प थांबा,” म्हणत अण्णा कुठल्याही यंत्राला आधी टेस्टर टेकवायचे, मगच हात लावायचे. आमच्या ऑफिसचे स्पीकर दुरुस्त करायला ते जयनगरहून यायचे. तीन पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या, त्यामुळे मराठी कानडीत भिजलेली. आम्ही त्यांच्यामागे हसायचो. इतका भित्रा मिस्त्री तुम्हीही पाहिला नसेल. त्यांना जाऊन आता वर्ष झालं.

माझे बाबा नागपूरहून बेंगळुरूत महादेवपुऱ्याला माझ्याकडे राहायला आले, ते टर्नटेबल आणि रेकॉर्डी घेऊनच. मी ते होम थिएटरला जोडलं, तर गाणं अगदी बारीक आणि मागे सतत घूं. रविवारी सकाळी अण्णांना बोलावलं.

“अहो, मध्ये प्रीअँप नको का?” म्हणत त्यांनी पिशवीतून एक छोटी डबी काढून जोडली. गाणं मोठं झालं. घूंही वाढली. टर्नटेबलची अर्थिंगची तार अँप्लिफायरला लावायला ते वाकले, सवयीने टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा पेटला.

त्यांनी अँप्लिफायरची पिन उपसली आणि टेस्टर सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात घातला. तिथेही दिवा.

“गीझर चालू आहे?”

“हो. बाबा आत्ताच आंघोळीला...”

अण्णा धावलेच. बाथरूमच्या दारावर दोन्ही हातांनी धडाधडा मारत ओरडले, “नळाला हात लावू नका! मेन बंद करा, मेन!”

मेन स्विच चपलांच्या कपाटामागे होता. कपाट हलेना. आतून काहीच आवाज येईना. कसाबसा हात घालून मी खटका पाडला आणि तिथेच उभा राहिलो. दाराकडे जायची हिंमत होईना.

“अरे, टॉवेल तरी गुंडाळू द्या!” आतून बाबा वैतागून म्हणाले.

अण्णा भिंतीला टेकून खालीच बसले. “गीझरमधून करंट येतोय आणि बिल्डिंगचं अर्थिंग जमिनीपर्यंत पोचलेलंच नाही. माझी अक्का अशीच गेली हो. नळ सोडायला गेली, तेवढंच.”

मी पाणी दिलं. ते त्यांनी घेतलंच नाही.

“वरच्या घरांचं वायरिंगही याच माणसाने केलंय?”

“हो, सगळं एकाच कंत्राटदाराचं.”

“सरी, बरं,” म्हणत ते उठले आणि अनवाणीच जिना चढू लागले.

पुढे गीझर बदलला, अर्थिंग नीट झालं, घूंही गेली. रेकॉर्ड आता सुरेख वाजते. पण मला आठवते ती त्या रविवारची सकाळ. वर एकेका मजल्यावर बेल वाजत होती, अण्णा धापा टाकत “गीझर बंद करा” म्हणून सांगत होते, आणि मी दारात बाबांचा कोरडा, ऊबदार हात घट्ट धरून उभा होतो.