ओळखीचे टायर

माझी मोटार पुढून मोटार होती. मागून ती काय होती हे तिच्या मालकाला, म्हणजे मलाही, नीट सांगता येत नसे. पुढचा भाग एका डॉक्टरांच्या जुन्या गाडीचा. तिचं मूळचं इंजिन कामातून गेल्यावर आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी त्या जागी एक डिझेल इंजिन बसवलं. ते आधी नदीकाठी उसाला पाणी पाजत होतं. मागची डिकी कापून तिथं मागच्या रस्त्याकडं तोंड करून एक बाक ठोकला होता. या गाडीतून मी कोल्हापूर ते मुरगूड माणसं नेत होतो. बाकावर बसणाऱ्याला मुरगूड येईपर्यंत कोल्हापूरच दिसायचं. इंजिन सुरू केलं की गल्लीतला एखादा म्हातारा हमखास विचारायचा, आज पाण्याची पाळी कुणाची.

मी मूळचा परभणीकडचा. सातवीत शाळा सोडली. शाळेला ते कळायला महिना लागला. पुढं विसाव्या वर्षी सरकीच्या ट्रकमध्ये बसून कोल्हापूरला आलो. तो ट्रक मिस्त्रींच्या गॅरेजात चार दिवस दुरुस्तीला उभा होता. पाचव्या दिवशी ट्रक गेला, मी राहिलो. मिस्त्रींनी मला राहायला गॅरेजमागची खोली दिली, हातात पाना दिला, आणि काही वर्षांनी ही गाडी माझ्यासाठी उभी केली. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या कोल्हापुरात लोहारकाम करणारं. बोलणं कमी. चांगलं काम झालं तर "बरं हाय" म्हणायचे, वाईट झालं तर तेही म्हणायचे नाहीत. गावी मोठा भाऊ होता. दर पोळ्याला त्याचं पोस्टकार्ड यायचं: तिकडचं जमलं नाही तर ये, औत तुझी वाट बघतंय. मी उलट कार्ड टाकलं होतं की मी आता मोटारमालक आहे. त्यामुळं गाडी रस्त्यावर राहणं मला भाग होतं. गाडी गेली की पुन्हा औत.

मला काळजी करायला एरवी कारण लागत नाही. पण वर्षातून एकदा गाडी तपासणीच्या मैदानावर न्यावी लागे, ते मात्र खरंखुरं कारण होतं. सगळे त्याला पासिंग म्हणत. गाडी रस्त्याला लायक आहे असा कागद तिथं मिळे. त्याशिवाय गाडी हलवायची नाही.

आमच्या गल्लीत माझी धरून अशा आठ गाड्या होत्या. कुणाची जीप मधून कापून हातभर लांब केलेली, कुणाच्या टेम्पोला जुन्या एसटीची शिडी. एकाही गाडीचे टायर बघवत नव्हते. म्हणून गल्लीनं मिळून पासिंगचा एक जोड केला होता: चार कोरे टायर, एक हॉर्न, एक आरसा आणि औषधाची एक पेटी. हा जोड मिस्त्रींच्या माळ्यावर पोत्यात असायचा. ज्याचं पासिंग असेल त्यानं तो खाली काढायचा, गाडीला चढवायचा, आणि कागद मिळाला की उतरवून, धुऊन परत ठेवायचा. शेजारणींचे दागिने घालून नवरीला मांडवात उभी करतात ना, तसंच. यात आपण काही खोटं करतो असं कुणाच्या मनातही येत नसे. उलट जो जोड न धुता ठेवी त्याला नावं ठेवायचे.

आणीबाणीच्या आगेमागे तपासणी कडक झाली. मैदानावर नवे साहेब आले, आजऱ्याकडचे. जुन्या तपासणीत हॉर्न, दिवे, ब्रेक एवढं बघायचे. हे साहेब पांढऱ्या शर्टावर गोणपाट गुंडाळून गाडीखाली निजायचे. मुरगूडचा एक जीपवाला आमच्याच गल्लीत गाडी लावी. सगळ्यात आधी तो त्यांच्या हाताखालून गेला आणि पास झाला. परत येऊन म्हणाला, साहेब कडक हाय पण आपला जोड लागू पडतोय. पुढचा नंबर माझा होता.

मी रात्रभर जागा होतो असं लिहिलं तर ते फार शूर वाटेल. झोप लागली, पण स्वप्नात साहेबच आले. सकाळी मिस्त्रींनी मागचा बाक खोलून ठेवला, जोड चढवला, आणि मला एकच गोष्ट सांगितली. विचारलं तेवढंच बोलायचं. मी मान हलवली. मला ते आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

मैदानावर साहेब गाडीखाली गेले. त्यांचे फक्त बूट दिसत होते. मी बुटांशी नम्रपणे बोलत राहिलो, आज ऊन फार आहे वगैरे. मग ते बाहेर आले, गोणपाट झटकलं, एका टायरपाशी उकिडवे बसले आणि आतल्या बाजूला बोट ठेवलं. तिथं हिरव्या रंगाचा हरभऱ्याएवढा ठिपका होता.

"हे टायर माझ्या वळखीचं हाईत," ते म्हणाले. "गेल्या मंगळवारी एका जीपला होतं, तवाच खूण केलीया."

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर कदाचित निभावलं असतं. मंगळवारनंतर मी ते विकत घेतले असं म्हणता आलं असतं. पण भीती वाटली की माझ्या तोंडून खरं बाहेर पडतं, तेही मागितलं त्याच्या दुप्पट.

"साहेब," मी म्हणालो, "ते आमच्या सगळ्या गल्लीच्या ओळखीचे आहेत."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि गल्ली कुठली ते विचारलं. तेही मी सांगितलं, वळणासकट.

कागद मिळाला नाही. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. टायर स्वतःचे हवेत. डिकीत बोल्टांची भोकं चकाकताना त्यांना दिसली होती. ती पत्रा लावून कायमची बुजवायची, म्हणजे बाक गेला. हँडब्रेक चढावर गाडी धरेल असा करायचा. इंजिनाला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते बदलल्याची नोंद मिस्त्रींनी स्वतः कचेरीत चार दिवस बसून रीतसर करून घेतली होती. साहेबांनी ते फक्त सुरू करायला लावलं, ऐकलं, आणि ऊस किती एकर भिजवला असेल यानं, असं विचारलं. मला हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी "माहीत नाही साहेब" असं खरं उत्तर दिलं.

गल्लीत परत आलो आणि झालं ते सांगून टाकलं. कुणी ओरडलं नाही, हे जास्त वाईट होतं. जीपवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"पावणं," तो म्हणाला, "तुमच्या गावाकडं सगळी अशीच असत्यात, का तुम्हालाच म्हणून हिकडं धाडलंय?"

त्या गल्लीत राहून मला बारा वर्षं झाली होती. पावणं हे नाव सुटलं नव्हतं, आणि आता सुटण्याची आशाही गेली. दोन दिवस मी खाली मान घालून पत्रा घासत बसलो. मनात पोस्टकार्डाचा मजकूर जुळवत होतो: दादा, येतो आहे, औताला सांग. टायर घ्यायची माझी ऐपत नव्हती आणि बाकाशिवाय ती येणारही नव्हती.

तिसऱ्या दिवशी गल्लीची बैठक झाली, गॅरेजातच. मी बाहेर थांबलो होतो. मिस्त्री बाहेर आले आणि त्यांनी पोतं माझ्यासमोर टाकलं.

"घाल," ते म्हणाले. "तुझं झालं हे."

मला वाटलं चेष्टा आहे. पण गल्लीचा हिशेब सरळ होता. ठिपका लागलेले टायर आता दुसऱ्या कुणाच्या गाडीला चढवणं म्हणजे साहेबांना आवतण देणं. तेव्हा ते कुणा एकाचेच व्हायला हवेत, आणि अडलेला मी होतो. ज्या माणसानं जोड बुडवला त्यालाच तो मिळाला. आजही कुठं न्यायावरचं भाषण ऐकलं की मला ते पोतं आठवतं आणि मी विषय बदलतो.

पंधराव्या दिवशी मी मैदानावर गेलो. मिस्त्री शेजारी बसले होते. हँडब्रेकसाठी त्यांनी आठवडा घातला होता. चढावर गाडी अशी उभी राहिली की जणू तिथंच बांधली होती. ब्रेक बघायला आखलेल्या चुन्याच्या रेघेआधी वीतभर थांबली. डिकीचा पत्रा साहेबांनी नखानं खाजवून बघितला. मग ते टायरापाशी बसले आणि हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"परत ह्येच?"

"आता माझेच आहेत, साहेब."

"कशावरनं?"

पावती नव्हती, कागद नव्हता, नुसतं पोतं होतं. तेवढ्यात फाटकाकडून एक ओळखीचा खडखडाट ऐकू आला. पुढं मुरगूडवाल्याची लांबवलेली जीप, मागं एसटीच्या शिडीचा टेम्पो, आणि त्यामागं उरलेली सगळी गल्ली. मला सांगितलं नव्हतं, पण त्यांचं ठरलं होतं. पावण्याचा काय भरवसा, तिथं जाऊन पुन्हा काहीतरी खरं बोलंल, आपणच साक्षीला जाऊ.

सातही जण उतरले. जीपवाल्यानं साहेबांना रामराम घातला.

"साहेब, ह्ये टायर ह्येंचंच हाईत. आम्ही सगळ्यांनी मिळून दिल्यात की."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून मागं, ओळीनं लावलेल्या सात गाड्यांकडं पाहिलं. मग त्या गाड्यांच्या टायरांकडं. ते एवढे गुळगुळीत होते की दुपारचं ऊन त्यांच्यावर चमकत होतं. साक्षीला जायचं ठरलं, पण कशात बसून जायचं याचा विचार सातांपैकी एकानंही केला नव्हता. आमच्या गल्लीत कुठं जायचं म्हटलं की आपापली गाडी काढायची, एवढंच माहीत. मिस्त्रींनी डोळे मिटले.

"साक्ष मान्य," साहेब म्हणाले. त्यांनी माझ्या कागदावर सही केली, शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला आणि हिरव्या रंगाचा डबा मागवला.

त्या दुपारी मी पास झालो आणि साक्षीदार सगळे नापास. टायर बदलल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही असा हुकूम झाला. सात जण त्या उन्हात उभे होते, आणि रस्त्याला लायक असलेली एकच गाडी होती, माझी. मी घाईघाईनं दारं उघडली. या सगळे, मी म्हणालो, दाटीवाटीनं बसा, एका फेरीत नेतो. जीपवाल्यानं आत पाय टाकलासुद्धा.

मिस्त्रींनी त्याचा दंड धरला. साहेब गोणपाट झटकत आमच्याकडंच बघत होते.

"मोजून बस," मिस्त्री म्हणाले. "गाडीच्या पुस्तकात लिवल्यात तेवढीच."

वयानं मोठे होते ते बसले. उरलेले चौघे चालत निघाले, पुढं जीपवाला. मला त्यांना सोडून जाववेना. पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्या चालीनं, मी गाडी बाजूबाजूनं नेत राहिलो. शेवटी खिडकीतून डोकं काढून म्हणालो की तुम्ही आलात, फार उपकार झाले.

जीपवाला न बघता चालत होता. तसाच म्हणाला, "पावणं, फुडं बघून चालवा. चांगलं टायर हाईत, घासशीला."