प्रश्नाचा ‘क’ भाग

मुंबई इलाख्याच्या असेंब्लीत आमच्या मामांइतके प्रश्न दुसऱ्या कुणी विचारले नसतील, आणि त्या प्रश्नांचा माझ्याइतका छळ एकाही मंत्र्याला झाला नसेल. मंत्र्यांना ते अधिवेशनापुरतेच ऐकावे लागत. मला वर्षभर लिहावे लागत. मामा माझे नव्हेत, आमच्या हिचे थोरले मामा. कऱ्हाडपासून दोन कोसांवर त्यांचं गाव आणि उसाचा मळा. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर थेट बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, बेचाळीसच्या चळवळीत पेन्शनवर पाणी सोडून तुरुंगात बसलेले, आणि सेहेचाळीसच्या निवडणुकीत आमदार झालेले. मी तेव्हा कऱ्हाडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवीत होतो. असेंब्लीला प्रश्न पाठवायचे ते इंग्रजीत, आणि मामांचं इंग्रजी ‘लेफ्ट राइट’च्या पुढं गेलेलं नव्हतं. तेव्हा देवानं आपली ही अडचण ओळखून खास मला त्यांच्या भाचीचा नवरा केला, अशी त्यांची पक्की समजूत होती.

दर रविवारी सकाळी सातच्या ठोक्याला पलटणीतले बूट आमच्या दारात वाजत. पांढऱ्या मिशा, गुलाबी पटका आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत आठवडाभरात गोळा केलेल्या तक्रारी असत. काही कागदाच्या चिटोऱ्यांवर, काही विडीच्या पुड्याच्या पाठीवर आणि बाकीच्या मामांच्या डोक्यात. चहाचा पहिला घोट पोटात गेला की हुकूम सुटे, “हं, लिवा जावयबापू.” मग ते सांगत आणि मी लिही. रेशनवरचं मांजरपाट एकदा धुतलं की हातभर आटतं, हे सरकारला माहीत आहे काय? स्टेशनातल्या नळाला पाणी फक्त गाडी गेल्यावर येतं, हे खरं आहे काय? जावळी तालुक्यात मेढ्याच्या दवाखान्यातल्या टेबलाला तीनच पाय असून चौथ्या पायाच्या जागी कंपाउंडर उभा राहतो, हे खरं आहे काय? प्रत्येक प्रश्नाला अ, ब, क असे तीन भाग पाहिजेतच, असा त्यांचा दंडक होता. दोन भागांत संपणारा प्रश्न त्यांना शेपूट तुटलेल्या बैलासारखा वाटे.

बरं, ही खोड असेंब्लीपुरती राहती तरी मी काही बोललो नसतो. पण मामा जिथं जात तिथं असेंब्ली भरे. सर्व्हिस मोटारीत बसले की ड्रायव्हरला विचारत, “गाडी सा वाजता सुटनार म्हनून पाटीवर लिवलंय. साडेसा झाले. ह्याची जबाबदारी कुनाची, तुझी का पाटीची?” माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी अंतरपाट धरलेल्या भटजींना थांबवून मुहूर्ताची घटका कुणाच्या घड्याळानं मोजली ते विचारलं, आणि भटजींनी घड्याळ दाखवल्यावर ते शेवटी स्टेशनच्या घड्याळाशी कधी मिळवलं होतं तेही विचारलं. तेवढ्यात मुहूर्त टळायची वेळ आली. आमच्या घरी जेवायला बसले तर पहिल्या घासाला हिला हाक मारीत. “सुभद्रे, वांग्यात मीठ जास्त झालंय हे तुला ठावं हाय का?” ही आतून म्हणे, “व्हय, मामा.” “आसंल तर त्यावर काय इलाज योजला हाय?” “ताक वाढते, आवं!” मामा खूश. “बगा जावयबापू,” मला म्हणत, “ह्याला जबाब म्हनत्यात. मंत्र्यांस्नी शिकवा जरा.”

सांगली तेव्हा संस्थानात होती. संस्थानाच्या कारभाराबद्दल इलाख्याच्या असेंब्लीत प्रश्न विचारता येत नाही, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. तरी त्यांनी सांगलीच्या नाक्यावर गुळाच्या गाड्या दोन-दोन दिवस अडकतात याबद्दल प्रश्न दिला. सभापतींनी तो हद्दीबाहेरचा म्हणून नाकारला. मामा उठून म्हणाले, “हद्दीभाईर कसा? माझी सख्खी भन दिलीया सांगलीला!” सभागृह हसलं. मामा हसले नाहीत. रविवारी येऊन माझ्यावरच घसरले. तुम्ही इंग्रजीत ‘बहीण’ हा शब्दच घातला नाही, म्हणून प्रश्न बाद झाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण मामांचं खरं वैर होतं ते एका वाक्याशी. प्रश्नाच्या पहिल्या भागाला मंत्र्यांनी ‘नाही’ म्हटलं, की पुढच्या भागांना छापील उत्तर येई: ‘प्रश्न उद्भवत नाही’. हे वाक्य ऐकलं की मामांच्या कानांच्या पाळ्या लाल होत. “ह्यो मी हितं हुबा हाय, हातात कागद हाय, जावळीची मान्सं तिकडं वाट बगत बसल्याती, आन् ह्ये म्हनत्यात प्रश्न उद्भवत न्हाई! मग उद्भवायला आनि काय लागतं, पंचांग?” मी त्यांची समजूत घालीत असे, ते घालू देत नसत, आणि माझा रविवार निघून जात असे. गृहपाठाच्या वह्या तशाच पडलेल्या, दाढीचा साबण वाळलेला. आमच्या हिला मी एकदा म्हणालोही, “तुझ्या मामांना मी मत दिलं ही माझी चूक झाली.” ती म्हणाली, “सगळ्यांनी दिलं, पण लिहायला तुम्ही एकटेच सापडलात.”

अशाच एका रविवारी मामांनी नावेचा प्रश्न आणला. मेढ्यापुढचा घाट उतरून गेलं की कोयनेच्या पलीकडच्या काठाला एक वाडी होती. पावसाळ्याचे चार महिने अलीकडे यायला एकच नाव, आणि ती कुजलेली. नाव बंद पडली की माणसं वाळलेले भोपळे बांधून त्यांची सांगड करीत आणि तिच्यावर पोटाशी धरून एकेकाला पार नेत. लोकल बोर्ड म्हणे नदी सरकारची, सरकार म्हणे नाव बोर्डाची. मामांनी अ सांगितला, ब सांगितला, आणि मग घसा साफ करून म्हणाले, “क. सदर नावेच्या तळाला भोक आसून त्यातनं मोठ्या मानसाचा हात कोपरापत्तुर आत जातो, ह्ये खरं हाय काय? आसल्यास, ते भोक सरकारचं का लोकल बोर्डाचं?”

माझ्यासमोर मॅट्रिकच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. दुसऱ्या दिवशी त्या परत द्यायच्या होत्या. ‘कोपरापर्यंत’ याला इंग्रजीत काय म्हणावं याचा विचार करता करता माझं डोकं उठलं. भोक कुणाचं म्हणे! लोक पुन्हा हसतील, मामांचीच शोभा होईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. मामा मोटार गाठायला गेले, आणि मी अ आणि ब तेवढे नीटनेटके उतरून ‘क’ गाळून टाकला. पाकीट चिकटवलं आणि उत्तरपत्रिकांकडे वळलो.

असेंब्लीत काय झालं ते मुंबईहून परतल्यावरच्या रविवारी मामांनीच मला सांगितलं. मंत्री म्हणाले, वाडीजवळ नाव आहे, आणि बोर्डाच्या नोंदीप्रमाणे ती चालू आहे. मामा ताडकन उठले. “आन् भोक?” सभापती म्हणाले, “कसलं भोक? मूळ प्रश्नात भोकाचा उल्लेख नाही.” मामा ओरडले, “प्रश्नात नसंल, नावंत हाय!” पुन्हा हशा. सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला आणि वाडीची नाव सरकारी कागदावर चालू राहिली.

त्या रविवारी मामांनी लिहायला सांगितलं नाही. पिशवीतून असेंब्लीची छापील प्रश्नपत्रिका काढली, माझ्यापुढं ठेवली आणि तिच्यावर बोट टेकवलं. “जावयबापू, ह्यात ‘क’ कुटं दिसत न्हाई.”

मी म्हणालो, “कचेरीत गाळला असेल. करतात ते असं.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ते नेहमी बघत तसं नव्हे. जरा जास्त वेळ. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “आसंल.” आयुष्यात त्यांनी उपप्रश्न न विचारता सोडून दिलेलं माझ्या माहितीतलं ते पहिलं उत्तर.

त्या वर्षी श्रावणात देश स्वतंत्र झाला. आम्ही शाळेवर झेंडा लावला, मुलांना साखर वाटली. वाडीला ही बातमी आठ दिवसांनी कळली, कारण कोयनेला पूर होता आणि नावेत पाऊल टाकायची सोय नव्हती. भाद्रपदात एका बुधवारी मामा शाळेच्या दारातच उभे राहिले. म्हणाले, “रजा काडा. मेढ्याला जायचंय.” कशाला, ते सांगितलं नाही. मेढ्यापर्यंत मोटार, तिथून घाट पायी. वाटेत त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

नदी उतरली होती. काठावर नाव पालथी घातलेली होती. पलीकडून वाडीचा नावाडी सांगडीवर पोहत आला आणि अंगावरचं पाणी निथळत आमच्यासमोर उभा राहिला. मामांनी विचारलं, “सूनबाई कशी हाय?”

“हाय आता बरी,” तो म्हणाला. “तीन दिस अडली हुती, आमदार. मेढ्याला न्यायाची म्हनलं तर पान्यानं काठ सोडल्याला. सांगडीवर घातली आसती तर दोगं बी गेली आसती. पोर ऱ्हायलं न्हाई. बाई वाचली, त्येच लय झालं.”

मामांनी बाही सरकवली, पालथ्या नावेजवळ गेले आणि तळाच्या भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला. हात बाहेर काढून ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, “तुमी बी घाला.”

मी घातला. कुजक्या लाकडाच्या कडा ओल्या आणि मऊ होत्या. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि थोडा आणखी जाईल एवढी जागा उरली.

त्यानंतर मी मामांचा एक शब्दही गाळला नाही. पुढच्या प्रश्नाचे भाग अ पासून सुरू होऊन ह पर्यंत गेले. त्यात भोक होतं, भोकाची लांबी-रुंदी होती, नावाड्याच्या सुनेचे तीन दिवस होते. या वेळी मी मुद्दाम मुंबईला जाऊन वरच्या गॅलरीत बसलो. मंत्र्यांनी कागद वाचला. ‘क’ भागापाशी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “होय.” नवी नाव पावसाळ्यापूर्वी देण्यात येईल असंही म्हणाले. मामा उठले. “पावसाळा कंचा? म्हमईचा का जावळीचा? जावळीत लवकर लागतो.” लोक हसले, पण मंत्री हसले नाहीत. “जावळीचा,” ते म्हणाले. मामा खाली बसले आणि पटक्याच्या शेवानं त्यांनी तोंड पुसलं.

नाव वैशाखात आली. सागवानी, डांबर लावलेली, वासानंच नवी कळणारी. सगळी वाडी काठावर जमली होती. नारळ फुटला, मामांच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. कुणीतरी जयजयकार केला, मामांनी हातानं तो थांबवला. बायका चढू लागल्या तेव्हा नावाड्याची सून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. विशीचीही नसेल. डोक्यावरचा पदर नीट करून तिनं नावेकडं बघितलं, मग मामांकडं. आवाजात राग नव्हता. खरोखरच माहीत करून घ्यायचं असावं तसं तिनं विचारलं, “एक साल आदी का न्हाई आली वो?”

मी मामांच्या मागं चार पावलांवर होतो. त्या प्रश्नाचं उत्तर त्या सगळ्या माणसांत फक्त माझ्यापाशी होतं आणि मी नावेच्या डांबराकडे बघत राहिलो. मामांनी मागं वळून पाहिलं नाही. गळ्यातली माळ काढून हातात घेतली आणि म्हणाले, “चूक माझी झाली, पोरी. सांगायला पायजे हुतं ते माझ्याकडनं ऱ्हायलं.”

ती ‘बरं’ म्हणाली आणि नावेत जाऊन बसली.

पुढच्या निवडणुकीत मामांना तिकीट मिळालं नाही, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ते गेले. ‘क’ कुणी गाळला हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही मला कधी विचारलं नाही. पण तो दिवस मला अजून दिसतो. नाव दोन फेऱ्या करून आली तरी मी काठावरच उभा होतो. तिसऱ्या फेरीला मामा स्वतः खाली उतरले, माझ्या दंडाला धरून त्यांनी मला आत घेतलं, आपल्याशेजारी बसवलं, आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत माझा दंड काही सोडला नाही.