बंदीच्या वर्षीचं बी

सकाळी डेअरीला दूध घालून घरी येईपर्यंत कांद्याची निर्यात बंद झालेली. मोबाईलवर सरकारी कागदाचा फोटो फिरत होता. आमच्या मोरगावच्या बाजूला पाणी बेतानंच, पण त्या वर्षी विहिरीनं साथ दिली आणि दीड एकर कांदा असा पोसला होता की जाणारा-येणारा गाडी थांबवून बघायचा. महिनाभर आधीच इंदापूरचा एक व्यापारी बांधावर आला, एक कांदा उपटून हातात फिरवला न् म्हणाला, "ह्यो दुबईचा माल हाय तात्या. काढलात की पयला मला सांगा."

त्याच माणसाला मी मारलं.

पहिली ट्रॉली भरून इंदापूरच्या बाजारात गेलो, तर लिलाव बंद पाडलेला. टायर पेटवलेलं, पोती उलटी केलेली, वजनकाटा कुणीतरी गटारात फेकलेला. व्यापारी भिंतीला पाठ लावून उभा होता. म्हणाला, "बंदरावरनं कंटेनर माघारी आलाय तात्या. माझा बी माल त्यातच हाय. मी काय करू?"

ते 'मी काय करू' ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. कॉलर धरली आणि ठेवून दिली एक. नाक फुटलं. पांढऱ्या शर्टावरनं रक्त खाली सांडलेल्या कांद्यावर पडलं. चौघांनी मला ओढून काढलं तेव्हा तो सुटला. खरं सांगतो, बरं वाटलं मला. सरकारच्या नाकापर्यंत माझा हात पोचत नव्हता, ह्याचं नाक समोर होतं. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय!

शहरातल्या बाईला कांदा स्वस्त मिळावा हे मलाही कळतं. माझी मेव्हणी पुण्यातच राहते, तीही पोरांना घास भरवतेच की. पण मग डिझेल स्वस्त करा, खत स्वस्त करा! कांदा महागला की दिल्ली खडबडून जागी होते, आणि मातीमोल झाला की तिला झोप लागते. पिकवायचा आम्ही, आणि तो दुबईला जाणार का उकिरड्यावर, हे ठरवणार तिसराच.

ट्रॉली तशीच माघारी आणली. काढायची मजुरीही निघत नव्हती. नवव्या दिवशी गावात सांगून आलो, की उद्या माझ्या रानात इर्जिक आहे.

इर्जिक म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपली अवजारं घेऊन यायचं, फुकट राबायचं, आणि घरच्यानं मटणाचं जेवण घालायचं. पूर्वी बैलं यायची, आता ट्रॅक्टर येतात. आजवर पेरायला, नांगरायला, उसाच्या सऱ्या पाडायला इर्जिक घातलेली मी बघितली होती. उभ्या पिकाचा मातीत भुगा करायला, त्याच्यावर रोटर फिरवायला घालणारा मीच पहिला.

आईला मी हे सांगितलं नाही. तिला वाटलं, माणसं कांदा काढायला येणार. सकाळपासून ती चुलीपुढं.

ह्या रानात आईच्या चार सऱ्या होत्या, विहिरीकडच्या कडेला. बियाण्याचे कांदे लावलेले. फुलांचे पांढरे गोंडे छातीएवढे वाढले होते आणि त्यांच्यावर मधमाश्या घोंगावत होत्या. लग्न होऊन आली तेव्हा माहेरचं मूठभर कांद्याचं बी ती पदरात बांधून घेऊन आली. तेव्हापासून दर साली ती बी धरायची, आणि वाफ्यात टाकायची तेही स्वतःच्या मुठीनं. बाजारातल्या पुडीचं बी आमच्या रानात कधी पडलं नाही.

इर्जिकीचा एक नेम आहे. जो घालतो त्यानं आधी रान फिरायचं, आणि जिथं अवजार न्यायचं नाही तिथं निर्गुडीची फांदी रोवायची. फांदी दिसली तरच माणूस चालतं अवजार वर उचलतो, नाहीतर सरळ फिरवत जातो. मी रान फिरलोच नाही. रागाच्या भरात पहिल्या ट्रॅक्टरवर चढलो आणि रोटर खाली सोडला. मागं चार ट्रॅक्टर.

आवाजावरनंच आईनं रोटर ओळखला, आणि कांदा काढायला रोटर लागत नाही. पिठाचे हात तसेच घेऊन ती पळत आली आणि तिच्या सऱ्यांपुढं उभी राहिली.

"बाकीचं काय बी कर," ती ओरडली, "माझ्या बियाला हात लावू नगं!"

"आई, बाजूला हो."

"आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! सरकारवर राग हाय तर जा की दिल्लीला! माझ्या बियानं काय घोडं मारलंय तुझं, मुडद्या?"

सगळा गाव बघत होता. मागचे हॉर्न वाजवत होते. मी खाली उडी मारली, तिच्या खांद्याला धरलं आणि ढकललं. ती बांधावरच्या दगडावर उजव्या हातावर पडली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो मी ऐकला. ऐकून परत ट्रॅक्टरवर चढलो.

गोंड्यांचा भुगा उडाला. माश्या उठल्या आणि माझ्या तोंडाला, मानेला, कानाला डसल्या. चारी सऱ्या संपेपर्यंत मी थांबलो नाही.

लोकांना अजूनही सांगतो, की ती ट्रॅक्टरखाली येत होती म्हणून बाजूला ओढली. खोटं आहे ते. मी ढकलली.

त्या दिवशी कुणी जेवलं नाही. मागचे चौघे ट्रॅक्टर वळवून गुमान निघून गेले. इर्जिकीचं मटण कुत्र्यांना घालायची पाळी आमच्या गावात तोवर कुणावर आली नव्हती.

आईला बारामतीला नेऊन हाताला प्लास्टर घातलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. उन्हाळ्यात बंदी उठली, तीही तशीच, एका सकाळी मोबाईलवर. मी आईला सांगितलं नाही. शेजारणीकडनं तिला कळलं. भाकरीचा तुकडा मोडता मोडता तिनं मला विचारलं, "उठली व्हय बंदी?" मी "व्हय" म्हणालो. ती जेवत राहिली. मी ताटावरनं उठलो.

श्रावणात इंदापूरहून बहीण आली. आई तिला दर साली मूठभर बी द्यायची आणि तिनंही आपल्या रानात दोन सऱ्या बियाला ठेवल्या होत्या. फडक्यात बांधलेलं बी बघून मी हात पुढं केला, तर तिनं फडकं मागं घेतलं.

"तुला न्हाय. आईचं हाय, आईला देतीय."

वाफा तयार होता. आई कडेला बसली, फडक्यात उजवा हात घातला. बोटं अर्धी वळली आणि तिथंच थांबली. काळं बी बोटांतनं गळून फडक्यातच पडलं. तिनं पुन्हा घेतलं, पुन्हा गळलं.

बहीण म्हणाली, "मी टाकते, आई."

"नगं." आईनं माझ्याकडं बघितलं. "तू ये. बस हितं."

मी बसलो. मान वर करायची लाज वाटत होती. तिनं डाव्या हातानं माझी मूठ उघडली, तिच्यात बी भरलं आणि पुन्हा मिटवली.

"हळू टाक," ती म्हणाली. "तुझ्या हातात जोर लई हाय."