एका नावाची दोन जहाजं

आमच्या नौबादला समुद्र म्हणजे टीव्हीतला. तरी शेजारच्या सुतार अण्णानं आठ महिने खपून शिडाचं लढाऊ जहाज केलं होतं, हातभर लांब, सागवानी. एका हॉटेलमालकाची ऑर्डर होती, "लढाया मारलेलंच पाहिजे." खाली पाटीवर त्या जहाजाच्या कामगिरीची हकीकत मराठीत हवी होती. मी निवृत्त मास्तर, म्हणून ते लचांड माझ्या गळ्यात आलं.

अण्णानं इंटरनेटवरून काढून आणलेला कागद वाचून माझं डोकं गरगरलं. जहाज बांधलं, वर्षानुवर्षं बंदरात पडून राहिलं, शेवटी मोडून लाकडं विकली. आणि खालच्याच ओळीत तेच जहाज लढाईत! मी तीनदा वाचलं. मोडीत गेलेलं जहाज लढतंय कसं?

बायको मेथी निवडत होती. म्हणाली, "त्यात काय? तुमच्या आज्ज्याचंच नाव तुम्हाला ठेवलंय न्हाई का? ते गेले, तुम्ही फिरायलाव की!"

खरंच की. कागद पुन्हा वाचला. एकाच नावाची दोन जहाजं, एकामागून एक. पहिल्याच्या अंगाला तोफांच्या दोन रांगा, दुसऱ्याच्या तीन. लढाया सगळ्या दुसऱ्याच्या. मी अनवाणीच अण्णाकडे गेलो आणि त्यानं केलेल्या जहाजाच्या रांगा मोजल्या. दोन. पुन्हा मोजल्या. दोनच.

"काय मोजायलाव, गुरुजी?"

मी सांगितलं. अण्णा रंधा मांडीवर घेऊन बसला.

"मंग काय लिवायचं?"

"तू सांग."

"मी काय सांगू? शिकल्याले तुम्ही हाव."

मालक काय रांगा मोजायला बसणार होता? पण जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल रेघा मारलेल्या हातातून खोटं उतरेना. मी लिहिलं, "या जहाजाच्या वाट्याला लढाई आली नाही." अण्णानं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, देव जाणे.

मालकानं पाटी वाचली आणि जहाज घेतलं नाही. पोत्यात गुंडाळून अण्णा ते रिक्षानं परत घेऊन आला. मी दारातच उभा होतो. वाटलं, आता हा मला चार शिव्या हासडणार.

"च्या घेताव का, गुरुजी?" एवढंच म्हणाला.

मी बरोबर केलं की त्याच्या आठ महिन्यांची माती केली, मला अजून कळत नाही. एकदा तरी तो माझ्यावर चिडायला हवा होता.