पांढऱ्या पानाचं पोट

आमच्या ह्यांना, तोमेझोंना, हिरवं पान दिसलं की जांभई येते. त्यावर पांढरा पट्टा उमटला की मात्र स्वारी टक्क जागी! तोयोहाशीच्या आमच्या नूडलच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळतंय, पातेलं उतू जातंय, आणि मालक अंगणात ओमोतोच्या, म्हणजे आम्हा जपान्यांच्या लाडक्या शोभेच्या पानांच्या, कुंड्यांपुढे उकिडवे बसलेत. कुतूहल मलाही आहे, खोटं कशाला बोलू? एकाच झाडाचं एक पान अर्धं पांढरं, दुसऱ्यावर नुसते शिंतोडे. कोण ठरवतं हे?

यंदा वसंतात एका पट्टेदार झाडाच्या बुडातून अख्खं पांढरं पिल्लू फुटलं. अशाला इथे भूत म्हणतात. भुतं लवकर वाळतात; हे मात्र वाढत गेलं. शेजारचे हातानो, कुंडीवाल्यांच्या मंडळाचे प्रमुख, रोज वाकून बघायचे.

"तोमेझो, प्रदर्शनात हेच मांड. पहिला नंबर तुझाच!"

पण नियम असा, की एका कुंडीत एकच झाड. पानगळ लागली तशी ह्यांनी चाकूला धार लावली. हातानोही बघायला आले. मी भांडी टाकून बाहेर धावले.

"अहो, आईपासून तोडल्यावर ते खाणार काय? हिरवं टिपूससुद्धा नाही त्याच्यात."

"प्रदर्शनापर्यंत तग धरला की झालं."

"आणि मग मरू दे?"

"तुला नाही कळायचं. हिरवं काय, कुठेही उगवतं. शोभा पांढऱ्याची."

माझं डोकंच फिरलं. "हो तर! हिरव्याने राबायचं, पांढऱ्याने बसून खायचं. मला नाही कळणार तर कोणाला? पहाटेपासून पीठ तिंबतं कोण? तोडा, तोडा! मलाही तोडा या घरापासून, मग बघते किती दिवस शोभता ते!"

हातानो खोकत खोकत सटकले. हे कितीतरी वेळ बोटाने पिल्लाचा जोड चाचपत राहिले. आईच्या बुडाशी तो चांगला जाड होता. मग चाकू पुसून त्यांनी ठेवून दिला. पहिला नंबर गेला.

संध्याकाळी दुकानात आले, माझ्या हातातला वाडगा काढून घेतला.

"जेवलीस का गं?"

इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

"नाही," म्हटलं.

त्यांनी स्वतः नूडल उकळले. पार लगदा केला मेल्यांचा! मी वाडगाभर संपवले.